मान वाचवली, पाय गेला

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानं हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते. लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं सीएमई, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि मधून गेलेला लोहमार्ग. इथून भोसरी जवळच, आणि भोसरी म्हणजे पैलवानांचं गाव. तसंच पुढं चाकण मागं टाकून खेडपर्यंत गेलात तर राक्षेवाडी. २०२३च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेणारा शिवराज राक्षे तिथला. या पट्ट्यात कारखाने आले, शेतं गेली, तरी जत्रा म्हटली की कुस्त्यांचा आखाडा ठरलेला. सकाळी नारळावरच्या पोराटोरांच्या कुस्त्या, मग शंभर-पाचशेच्या, आणि दिवस कलताना गदेची निकाली कुस्ती.

आता त्याच पोरांच्या मोबाइलवर वेगळ्याच लढती दिसतात. पिंजऱ्यातली एमएमए, ब्राझिलियन जिउ-जित्सू, जाड कुडत्याविना खेळायचं नो-गी ग्रॅपलिंग. त्यात एक प्रकार असा आहे, की जन्मभर आखाड्याच्या कडेला बसलेला जुना पैलवानही तो बघून बुचकळ्यात पडावा. एक जण दुसऱ्याच्या पाठीवर स्वार झालेला असतो. खालचा दोन्ही हातांनी मान राखून असतो. आणि वरचा मानेचा नाद सोडून अचानक त्याचा पाय ओढतो. दोन-तीन सेकंदांत खालचा हातानं थापा मारतो आणि लढत संपते. ना पाठ टेकली, ना खांदे मातीला लागले, ना पंचानं गुण मोजले.

पाठ मिळवायची आणि घाव पायावर घालायचा, हे असं उलटं का चालतं, ते समजून घ्यायला आपल्या कुस्तीपासूनच सुरुवात केलेली बरी.

पाठीमागं जाणं कुस्तीला नवं नाही. समालोचक ओरडतो, ‘कब्जा घेतला!’ तेव्हा एवढंच झालेलं असतं, की पट काढून किंवा बगलेखालून सटकून एक गडी दुसऱ्याच्या मागं गेला आणि त्याला खाली बसवला. तिथून पुढं डावांची रांगच आहे. घिस्सा, घुटना, एकलंगी, सवारी. यातली सवारी आपल्या विषयाला सगळ्यात जवळची. वरचा पैलवान आपला पाय खालच्याच्या मांडीत अडकवून त्याला जखडतो आणि मग पलटवतो. ग्रॅपलिंगमध्ये पाठीवर बसलेला गडी जे ‘हुक’ घालतो, ते याच कुळातले.

फरक आहे तो शेवटाचा. आपल्याकडं कुस्ती संपते ती समोरच्याला आस्मान दाखवल्यावर. दोन्ही खांदे जमिनीला लागले की निकाल. या एका नियमावर केवढं अवलंबून असतं ते २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पाठ टेकली की नाही, या वादावरून तिथं मोठं रामायण झालं. ध्येय खांदे टेकवण्याचं असल्यामुळं कुस्तीत पाय हे नुसतं धरायचं साधन असतं. पाय धरून माणूस फिरवायचा. पायाला काही करायचं नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे फितले. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत हा डाव आपल्या पोरांनी चांगलाच आत्मसात केलाय. ११ ऑगस्ट २०१२ला लंडनला योगेश्वर दत्तनं उत्तर कोरियाच्या री जोंग-म्योंगला याच डावानं फिरवलं आणि ६० किलो गटातलं कांस्यपदक घेतलं. गडी पोटावर पडलेला असतो. मागचा पैलवान त्याच्या दोन्ही घोट्यांवर घाला घालतो, पाय एकमेकांवर चढवतो, दोन्ही हातांच्या वेढ्यात घट्ट आवळून छातीशी धरतो आणि स्वतः बाजूला लोळतो. पाय फिरले की कंबर फिरते, कंबर फिरली की पाठ मॅटकडं होते. एका फेरीला दोन गुण. वेढा सैल होऊ दिला नाही तर तो लोळतच राहतो. आजच्या नियमात दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथंच थांबते. म्हणजे खाली पाडल्याचे दोन आणि फितलेच्या चार फेऱ्यांचे आठ, एवढ्यात खेळ खलास. टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत कझाकस्तानच्या नुरइस्लाम सनायेवनं रवी दहियाला असंच फिरवून ९-२ अशी आघाडी घेतली होती. रवीनं नंतर त्यालाच चीत केलं ही गोष्ट वेगळी.

फितलेत खालच्याचे गुडघे-घोटे पिळले जातातच. पण तो कमरेसकट फिरला की पीळ निघून जातो, म्हणून डाव कायदेशीर. मुद्दाम सांधा मोडायला गेलात तर पंच शिट्टी मारतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत पायाची बोटं पिरगाळायला बंदी आहे. पाऊल धरायचं तर वरून किंवा टाचेकडून. तळव्याला हात घालायचा नाही. पायांची कैची करून डोकं, मान किंवा धड आवळायलाही मनाई आहे. ही शेवटची बंदी ध्यानात ठेवा, कारण ग्रॅपलिंगमध्ये पाठीवर बसलेल्याचं मोठं हत्यार म्हणजे नेमकी अशीच कमरेभोवतीची पकड असते. एक पाय पोटावरून आडवा टाकून त्याचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीत अडकवायचा आणि आवळायचं. श्वास घेणं मुश्कील होतं.

सांधे धरायची विद्या आपल्याकडं नव्हतीच असं मात्र नाही. परंपरेनं मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगतात. ताकदीचं ते भीमसेनी, डावपेचाचं हनुमंती, जखडून शरण आणणारं जांबुवंती आणि अवयव मोडणारं जरासंधी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढं गावोगावच्या आखाड्यात भीमसेनी-हनुमंती टिकलं, उरलेली दोन पोथीत राहिली. ते योग्यच झालं म्हणायचं. जत्रेत दरवर्षी पाच-पन्नास पोरांचे गुडघे निकामी झाले असते तर आया-बायांनी आखाडेच बंद पाडले असते. जरासंधाचा शेवट भीमानं कसा केला ते कीर्तनात ऐकलेलं सगळ्यांना आठवत असेल. एक पाय दाबून धरायचा, दुसरा ओढायचा आणि उभा चिरायचा. पाठीवरून पायावर जाणाऱ्या आधुनिक डावांत दोन मांड्या विरुद्ध दिशांना फाकवण्याचा एक डाव अगदी याच चालीचा आहे. त्यात जांघेचे स्नायू ताणले जातात आणि गडी थाप मारतो, एवढाच दिलासा.

आता ग्रॅपलिंगच्या मॅटवर येऊ. इथं खांदे टेकले तरी काही होत नाही. उलट पाठीवर पडून लढणारे तिथले निम्मे उस्ताद असतात. लढत संपते ती समोरच्यानं शरण आल्यावर, म्हणजे हातानं थापा मारल्यावर किंवा तोंडानं ‘टॅप’ म्हटल्यावर. जिउ-जित्सूत पाठ मिळवून दोन्ही हुक घातले की चार गुण, यापेक्षा जास्त गुण कशालाच नाहीत. कारण सरळ आहे. मागच्याला पुढचा सगळा दिसतो, पुढच्याला मागचा काहीच दिसत नाही. तिथून पहिला आणि सगळ्यात खात्रीचा हल्ला गळ्यावर. कोपराचा कोन हनुवटीखाली बसवून मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते.

हे सगळ्यांना माहीत असतं, आणि इथूनच पायाची गोष्ट सुरू होते. पाठ गेली की माणूस हनुवटी छातीला टेकवतो, दोन्ही हात मानेशी नेतो आणि वरच्याचा मनगट-पंजा धरून बसतो. अनुभवी गडी असा बसला तर मिनिटामागून मिनिटं गळा मिळत नाही. दोन हात विरुद्ध दोन हात, बरोबरीचा मामला. पण या बचावात त्याचे पाय पोरके झालेले असतात. राखायला हात नाहीत, आणि लक्षही नाही. त्यात तो गुडघ्यावर येऊन उठायचा प्रयत्न करत असेल तर एक पाय आपोआप लांबतो. वरच्याचा पाय त्याच मांडीत आधीपासून अडकलेला असतो. मग हात खाली सोडायचा, त्या पायाचा घोटा नाहीतर टाच धरायची, पाय सरळ करत आपल्या छातीकडं ओढायचा आणि कंबर पुढं रेटून त्याचं धड खाली दाबून ठेवायचं.

या डावाला सुलोएवचं नाव आहे. अमर सुलोएव हा रशियात लढणारा आर्मेनियन लढवय्या. त्यानं २००२ मध्ये तो दाखवला आणि नाव चिकटलं. बराच काळ कुणी त्याकडं फारसं पाहिलं नाही. २३ फेब्रुवारी २०१३ला केनी रॉबर्टसननं एमएमएच्या यूएफसी १५७ या लढतमालेत ब्रॉक जार्डिनला अशाच पकडीनं थाप मारायला लावली. लोकांनी तोंडात बोटं घातली, पण चमत्कार म्हणून सोडून दिलं. मग ८ सप्टेंबर २०१८ उजाडला. डॅलसला यूएफसी २२८ची लढतमाला होती. त्या एकाच रात्री, दोन वेगवेगळ्या लढतींत, आल्जमेन स्टर्लिंगनं कोडी स्टॅमनला आणि झबित मागोमेदशारिपोवनं ब्रँडन डेव्हिसला पाठीवरून पाय ओढून हरवलं. दोन्ही वेळा दुसऱ्या फेरीत. त्यानंतर हा डाव म्हणजे अपवाद राहिला नाही, शिकवायची गोष्ट झाली. स्टर्लिंग शाळा-कॉलेजातल्या कुस्तीतून आलेला, हेही नोंदवण्यासारखं. मागून पायात पाय घालून बसायची सवय त्याला आधीची होती, शेवट तेवढा नवा शिकला.

ओढल्यावर नेमकं दुखतं कुठं? मांडीच्या मागच्या बाजूला तीन लांब स्नायू आहेत. बैठकीच्या हाडापासून निघतात, गुडघा ओलांडतात आणि नडगीच्या हाडांना जाऊन भिडतात. म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ते एकाच वेळी सांभाळतात. गुडघा वाकलेला असेल तर मांडी पोटाला टेकली तरी त्रास नाही. गुडघा सरळ ठेवून वाकलात आणि अंगठे धरायला गेलात तर मांडीच्या मागं जी ओढ बसते तीच या डावात दुसरा माणूस सगळ्या अंगाचं वजन टाकून देतो. खुब्यात वाकवलेला आणि गुडघ्यात ताठ केलेला पाय, स्नायू दोन्ही टोकांनी ताणलेला. तो फाटायच्या बेताला येतो, नाहीतर गुडघा मागच्या अंगाला वळायला लागतो. लवचीक माणूस यात थोडा जास्त टिकतो. बैठका मारून मांड्या दगडासारख्या केलेल्या पण कधी ताणच न दिलेल्या पैलवानाचं काय होईल, ते सांगायला नको.

पाठीवरून पायावर जायची दुसरी वाट अमेरिकेतल्या शालेय कुस्तीतून आली. एडी ब्राव्होनं ती जिउ-जित्सूत आणली. २००३ मध्ये ब्राझीलला एडीसीसी या ग्रॅपलिंग स्पर्धेत रॉयलर ग्रेसीला हरवून जो एका दिवसात नावारूपाला आला तोच हा. त्याच्या घराण्यात या स्थितीला ‘ट्रक’ म्हणतात. वरचा गडी पूर्ण पाठीवर नसतो, कुशीला असतो, आणि खालच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत गुंतवलेला असतो. तिथून मान धरून पाठीचा कणा पिळला की ‘ट्विस्टर’. यूएफसीत तो पहिल्यांदा लागला २६ मार्च २०११ला, कोरियाच्या जंग चान-संगनं लिओनार्ड गार्सियाला लावला. आणि मान राखली तर तिथूनच पोटरीचा डाव. आपली नडगी त्याच्या गुडघ्यामागच्या खोबणीत पाचरीसारखी बसवायची आणि त्याचा घोटा त्याच्याच ढुंगणाकडं ओढायचा. पोटरीचा स्नायू हाडावर चिरडला जातो आणि गुडघा उकलायला लागतो. मान राखावी तर पाय जातो, पाय सोडवायला हात खाली न्यावा तर मान जाते. सगळी गंमत या कात्रीत आहे. पायाचा डाव एकटा घेऊन बसलात तर तो फारसा लागत नाही.

इथं माझं मत स्पष्ट सांगतो. नवख्यानं या डावांच्या मागं लागू नये. पायाकडं जायचं म्हणजे पाठीवरची मांड सैल करायची. डाव फसला तर चार गुणांची जागा हातची जाते आणि खालचा फिरून उरावर बसतो. आधी गळा, मग गळ्याची धमकी, आणि ती धमकी खरी वाटायला लागली की मग पाय. जे व्हिडिओत तीन सेकंदांत दिसतं त्याच्या आधीची तीन मिनिटं कुणी कापून टाकलेली असतात.

एक डाव मात्र पहिल्या दिवसापासून माहीत हवा, कारण तो वरच्यावरच उलटतो. पाठीवर बसलात, दोन्ही हुक घातले आणि सवयीनं घोट्यांची आढी मारली, तर खालचा आपला एक पाय तुमच्या घोट्यांवरून टाकतो, दुसऱ्या पायानं तो कुलूपबंद करतो आणि कंबर पुढं उचलतो. तुमचा वरचा घोटा खालच्याच्या टेकूवर मोडायला लागतो. पाठ तुमची, थापही तुमचीच! तालमीतून आलेल्या पोरांकडून ही चूक हटकून होते. जखडायचं म्हणजे आवळायचं, हे अंगात भिनलेलं असतं ना.

तालमीतल्या पोरांचं ग्रॅपलिंगमध्ये खरं अडतं ते डावांपाशी नाही. ताकद, तोल, पट काढायची चपळाई, यात पैलवान इतरांपेक्षा चार पावलं पुढंच असतो. अडतं ते शरण जायच्या सवयीपाशी. कुस्तीत दुखतंय म्हणून सोडणं ही नामुष्की. वस्तादानं लहानपणापासून शिकवलेलं असतं, मान तुटली तरी पूल सोडायचा नाही. ग्रॅपलिंगमध्ये हीच जिद्द गुडघा घालवते. भरत खंडारे हा कुस्तीतून आलेला, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय. २५ नोव्हेंबर २०१७ला शांघायला सोंग यादोंगसमोर तो पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीत सापडला. रितू फोगाट कुस्तीतलं मोठं नाव. ३ डिसेंबर २०२१ला सिंगापूरला वन चॅम्पियनशिपच्या स्पर्धेतल्या अंतिम लढतीत स्टॅम्प फेअरटेक्सनं तिचा हात धरला आणि तिला थाप मारावी लागली. दोघंही ताकदीला कमी नव्हते. खेळाचा शेवट बदलला की जुन्या सवयी अंगावर येतात, एवढाच त्याचा अर्थ. खाशाबा जाधव १९४८ला लंडनला गेले तेव्हा मातीत घडलेल्या या माणसाला मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवखे होते, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले. मधल्या काळात त्यांनी नवे नियम अंगवळणी पाडले होते.

पायाच्या डावांत ही सवय लवकर लागायला हवी, याला शरीराचं कारण आहे. कोपर उलटा होताना आधी चांगलं दुखतं, म्हणून माणूस वेळेवर थाप मारतो. गुडघ्याचं तसं नाही, विशेषतः टाच धरून पिळणाऱ्या डावांत. पीळ बसतो तेव्हा कळ फारशी जाणवत नाही, आणि कळ येते तेव्हा आतला अस्थिबंध तुटलेला असतो. म्हणून बहुतेक खेळ पायाच्या डावांना बिचकून असतात. ज्युदोत स्पर्धेत सांध्याचा डाव फक्त कोपरावर चालतो, पाय वर्ज्य. रशियाच्या सांबोत उलट. पायाचे डाव चालतात, पण खेळाच्या सांबोत गळा दाबायला बंदी. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं गुडघा सरळ करणारे आणि पोटरी चिरडणारे डाव तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांपुरतेच ठेवलेत. टाच पिळायला तर २०२१पर्यंत परवानगीच नव्हती. आता आहे तीही त्याच दोन पट्ट्यांच्या प्रौढांना आणि फक्त नो-गीमध्ये. म्हणजे कित्येक वर्षं घाम गाळल्यावर माणसाला त्या डावांना हात लावायला मिळतो. आपल्याकडं महामार्गालगतच्या एखाद्या जिममध्ये पहिल्याच महिन्यात हौसेनं तेच करून बघितलं जातं.

तेव्हा दापोडी-भोसरीकडच्या पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना एक सांगणं. जिम निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका, सरावाला तासभर कडेला बसा. पायाचे डाव कुणाला, किती दिवसांनी शिकवतात ते विचारा. पकड बसल्यावर वरचा गडी थांबून थापेची वाट बघतो का झटका देतो, ते डोळ्यांनी पाहा. झटका देणाऱ्याला शिक्षक काही बोलत नसेल तर तिथून चपला घालून परत या. आणि पकडीत सापडलात तर दुखायची वाट न बघता थाप मारा. गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया करावी लागली तर मॅटवर परतायला साधारण नऊ महिने लागतात, आणि तेवढ्यात जत्रांचा अख्खा हंगाम निघून जातो.